‘तुमचा झोनच कच्चा होता!’ : एका घरगुती वादाची तपासणी

दिवाळीला डोंबिवलीचा आतेभाऊ भंडाऱ्याला आला की आमच्या घरी एक भांडण ठरलेलं असतं. तो म्हणतो, "रणजी म्हणजे मुंबई. ४२ वेळा जिंकलोय." मी म्हणतो, "जुनं काहून सांगतोस बे? २०१७-१८ ते २०२४-२५ मोज. विदर्भ तीन, मुंबई एक." मग तो ठेवणीतला बाण काढतो, "अरे, तुमचा झोनच कच्चा होता. म्हणून इतकी वर्षं कुठं दिसला नाहीत."

तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हा वाद जरा बारकाईने बघा. कोण जिंकलं ते सोडून द्या. आम्ही दोघं पुरावा म्हणून काय काय वापरतो, तेवढंच बघा.

आधी रचना समजून घेऊ. १९५७-५८ पासून २००१-०२ पर्यंत रणजीचे साखळी सामने विभागवार व्हायचे. मुंबई पश्चिम विभागात. सोबत महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. विदर्भ मध्य विभागात. सोबत राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश. म्हणजे एकाच राज्यातले हे दोन संघ साखळीत समोरासमोर येतच नव्हते. २००२-०३ पासून एलिट आणि प्लेट असे गट आले आणि ही विभागवार साखळी संपली.

आता भावाचा मुद्दा घ्या. मध्य विभाग कच्चा कशावरून? तर तिथले संघ कच्चे. संघ कच्चे कशावरून? तर ते कच्च्या विभागात जिंकायचे. हे गोल गोल फिरणं झालं. दोन गट एकमेकांशी खेळतच नसतील, तर आतल्या गुणतक्त्यावरून बाहेरची तुलना होत नाही. ती बाद फेरीतल्या मोजक्या सामन्यांवरच करावी लागते, आणि इतक्या थोड्या सामन्यांवर मोठा निष्कर्ष उभा करताना हात थरथरायला पाहिजे.

बरं, 'अंतिम सामने मोजू' म्हणाल, तर तिथेही गोची आहे. १९७०-७१ च्या आधी प्रत्येक विभागातून फक्त पहिला संघ पुढे जायचा. त्या हंगामापासून पहिले दोन जाऊ लागले, आणि त्याच वर्षी अंतिम सामना झाला मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. दोघंही पश्चिमेचे! मग त्याआधी पश्चिमेतला दुसऱ्या नंबरचा संघ अंतिम फेरीत का दिसला नाही? तो कमजोर होता की नियमाने त्याला दारातच अडवलं होतं? नुसता आकडा बघून हे कळत नाही. नियमपुस्तिका उघडावी लागते.

याची दुसरी बाजूही बघा. २०१८-१९ मध्ये बिहारच्या आशुतोष अमननं ६८ बळी घेऊन बिशनसिंग बेदींचा ६४ बळींचा विक्रम मोडला. पण बिहार तेव्हा प्लेट गटात होता, बरेचसे प्रतिस्पर्धी त्याच वर्षी स्पर्धेत आलेले नवे संघ. २०२४-२५ मध्ये विदर्भाच्या हर्ष दुबेनं ६९ बळी घेतले, ते एलिट गटात. एका बळीचाच फरक, पण ६८ आणि ६९ हे एकाच फूटपट्टीवरचे आकडे नाहीत. अमनची मेहनत यानं कमी होत नाही. आपली तुलना मात्र सावध व्हायला हवी.

आता माझ्या बाजूची चिरफाड, नाहीतर हे परीक्षण कसलं? पहिली गोष्ट : विदर्भाच्या पहिल्या दोन विजेतेपदांत वसीम जाफर फलंदाज होता आणि चंद्रकांत पंडित प्रशिक्षक. दोघंही मुंबईच्या क्रिकेटमध्ये घडलेले. मग मी 'विदर्भ' म्हणतो तेव्हा नेमकं काय मोजतो? माती, संघटना की अकरा माणसं? विश्लेषणाचं एकक ठरवल्याशिवाय माझंही वाक्य हवेतच. दुसरी : २०२४ चा अंतिम सामना मुंबईनं १६९ धावांनी जिंकला, वानखेडेवर. २०२५ ची उपांत्य लढत विदर्भानं ८० धावांनी जिंकली, नागपुरात. दोन सामने, दोन्ही यजमानांनी जिंकलेले. मी दुसरा सांगतो, भाऊ पहिला. दोघंही निवडून पुरावा देतो.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी दोन तालुक्यांतल्या शाळांची तुलना नुसत्या दहावीच्या निकालावरून केली होती. एका तालुक्याला 'मागास' लिहून मोकळा झालो. गाइडनं एकच विचारलं, "तिथली मुलं दहावीपर्यंत कशी पोचतात, कोण मधेच गळतं, बघितलं का?" मी बघितलं नव्हतं. सहा महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. पण त्याहून वाईट म्हणजे, न तपासता मी काही शेकडा पोरांवर शिक्का मारला होता. 'तुमचा झोनच कच्चा' हे वाक्य, फक्त शुद्ध भाषेत.

म्हणून आरआरसीसमोर उभं राहण्याआधी आपल्या तक्त्यातल्या प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारा. हा कोणाविरुद्ध मिळाला? कुठल्या नियमाखाली? आणि कुठला निकाल आला असता तर मी माझं मत बदललं असतं? तिसऱ्याचं उत्तर सापडत नसेल तर समजा, तुम्ही संशोधन करत नाही आहात, दिवाळीचा फराळ खात भांडताय.

भांडा की. आम्हीही यंदा भांडणारच आहोत. फक्त ते प्रबंधात लिहू नका.