‘ययाति’ आणि तिच्यामागील पुराणकथा

अद्भुत कथाविश्वाला बहुधा दोन थर असतात. एक, वाचकासमोर उलगडत जाणाऱ्या कथानकाचा. दुसरा, त्या कथानकापूर्वी घडून गेलेल्या वृत्तान्ताचा. दुसऱ्या थराची ओळख नसली तरी पहिला समजतो. परंतु त्याचे वजन कळत नाही. ऑक्सफर्डचे भाषापंडित जे. आर. आर. टोलकीन यांच्या ग्रंथांवरून हे सहज ध्यानात येते. त्यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाली. तिच्या विश्वाचे पुराण म्हणता येईल असे ‘द सिल्मरिलियन’ मात्र लेखकाच्या निधनानंतर, १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. कादंबरीत गीतातून ओझरते भेटलेले बेरेन आणि लूथिएन तेथे पूर्णपणे उभे राहतात, आणि मग ॲरागॉर्न व आर्वेन यांच्या प्रेमकथेत त्या जुन्या कथेचा पडसाद ऐकू येऊ लागतो.

टोलकीन यांना आपले पुराण स्वतः रचावे लागले; मराठी कादंबरीकाराला ते वारशाने लाभते. सोलापूर जिल्ह्यातील नाझऱ्याचे श्रीधर कवी यांनी ‘पांडवप्रतापा’त महाभारतकथा ओवीत आणली आणि पोथीच्या श्रवणाने ती अक्षरओळख नसलेल्या घरांतही पोचली. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या पुष्कळ वाचकांच्या कानांवर तिचे मूळ या ना त्या रूपाने पडलेले होते. आजच्या विद्यार्थ्याला ते श्रवण क्वचितच घडते. अशा वेळी आदिपर्व न वाचता कादंबरी वाचल्याने नेमके काय निसटते, हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट मुलांची. महाभारतात ययातीला पाच पुत्र आहेत : देवयानीचे यदू व तुर्वसू, शर्मिष्ठेचे द्रुह्यू, अनू व पूरू. चौघे पित्याचे वार्धक्य नाकारतात व शाप पावतात. धाकटा पूरू ते स्वीकारतो आणि राज्याचा धनी होतो. ही कथा वैशंपायन ज्याला सांगतात तो जनमेजय पूरूच्याच वंशातला. म्हणजे ज्या सिंहासनावर श्रोता बसला आहे, त्याचे मूळ या एका होकारात आहे. महाकाव्याला पाच पुत्र हवेत, कारण त्याला वंशांची उत्पत्ती सांगावयाची आहे. खांडेकरांना दोनच पुरतात, कारण त्यांचे लक्ष वंशावर नसून एका मनुष्याच्या अतृप्तीवर आहे. हा संकोच ज्याला दिसतो त्यालाच कादंबरीचे प्रयोजन नीट कळते.

दुसरी गोष्ट शापाची. नहुषाने इंद्रपदाच्या मदात ऋषींना पालखीला जुंपले आणि अगस्त्याच्या शापाने तो सर्प झाला, इतके महाभारत सांगते. त्याची मुले कधीही सुखी होणार नाहीत, ही भर कादंबरीतली आहे. तीमुळे यती आणि ययाती, एक देहाचा द्वेष करणारा व दुसरा देहातच बुडालेला, एकाच वारशाची दोन टोके ठरतात. कचाचेही तसेच. आदिपर्वात देवयानीशी शापांची देवघेव करून तो स्वर्गाकडे निघून जातो आणि ययातीच्या आख्यानात पुन्हा येत नाही. खांडेकर त्याला परत आणतात व संयमाचा प्रतिनिधी म्हणून ययातीसमोर उभा करतात. मूळ न वाचलेल्या वाचकाला कच हे पुराणानेच दिलेले पात्र वाटते. वाचलेल्याला तो लेखकाचा निर्णय दिसतो.

तिसरी गोष्ट एका शब्दाची. विहिरीत पडलेल्या देवयानीला ययाती उजव्या हाताला धरून वर काढतो. पुढे ती त्याच आधारावर त्याला वरते : हात एकदा धरला गेला आहे, तो आता दुसऱ्याने कसा धरावा? ‘पाणिग्रहण’ या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ ‘हात धरणे’ आणि रूढार्थ ‘विवाह’. देवयानीचा सारा युक्तिवाद या दोन अर्थांमधल्या जागेत उभा आहे. साध्या उपकाराचे करारात रूपांतर करणारी तिची बुद्धी येथे प्रथम प्रकट होते, आणि कादंबरीतील तिच्या अहंकाराचे बीज ध्यानात येते.

सोलापूरसारख्या मराठी-कानडी गावातील वाचकाला आणखी एक सोय आहे. गिरीश कार्नाड यांचे कानडी नाटक ‘ययाति’ १९६१ चे. त्यात पूरूची पत्नी चित्रलेखा ही नवी व्यक्तिरेखा येते आणि पुत्राच्या त्यागाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न उभा राहतो. मूळ एकच, खांडेकर पित्याच्या वासनेकडे वळले, कार्नाड सुनेच्या दुःखाकडे. ही फारकत मोजण्याचे माप आदिपर्वच पुरवते.

यावर असा आक्षेप येईल की, साहित्यकृती स्वयंपूर्ण असावी. तिला टेकू लागू नये. आक्षेप खरा आहे, आणि ‘ययाति’ टेकूवाचून उभी राहतेही. परंतु पुराणाला टेकू मानणे हीच चूक आहे. तसेच त्याला न्यायासन समजून, मूळ कथेशी इमान राखले की नाही, एवढेच तपासणेही व्यर्थ. पुराण वाचावयाचे ते लेखकाने काय घेतले, काय गाळले आणि काय नव्याने घातले, हे कळावे म्हणून. गाळलेल्या गोष्टी कादंबरीत कोठेच लिहिलेल्या नसतात. त्या वाचकाने बाहेरून सोबत आणावयाच्या असतात. ‘ययाति’ शिकवताना आदिपर्वातील ते मोजके अध्याय शेजारी उघडे असावेत, ते याचसाठी.