‘स्पिरिट ऑफ ईडन’ : यंत्रत्यागाचा आभास

‘टॉक टॉक’ या ब्रिटिश बँडचे ‘द पार्टीज ओव्हर’ (१९८२) व ‘इट्स माय लाइफ’ (१९८४) हे ध्वनिसंग्रह सिंथेसायझरप्रधान पॉप संगीताच्या चौकटीतले होते. ‘द कलर ऑफ स्प्रिंग’मध्ये (१९८६) ही चौकट सैल झाली आणि ‘स्पिरिट ऑफ ईडन’मध्ये (१९८८) जवळजवळ नाहीशी झाली. ट्रम्पेट, हार्मोनिका, ऑर्गन, डबल बास यांनी सिंथेसायझरची जागा घेतली. या परिवर्तनाचे वर्णन बहुधा ‘यंत्राकडून माणसाकडे’ असे केले जाते. ते अपुरे आहे.

लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, जवळजवळ अंधारात, वादकांकडून दीर्घ व उत्स्फूर्त वादन करून घेण्यात आले. त्यातील अगदी थोडा अंश निवडून मार्क हॉलिस आणि निर्माता टिम फ्रीज-ग्रीन यांनी तो डिजिटल तंत्राच्या साहाय्याने हव्या त्या जागी बसविला. श्रोत्यास वाद्यांचा जो सहज संवाद भासतो, त्यातील वादक पुष्कळदा एकमेकांसमवेत वाजवीतही नव्हते. म्हणजे यंत्र गेले नाही; स्वरनिर्मितीचे काम सोडून ते निवडीच्या कामाला लागले. ‘डिझायर’ या रचनेत शांततेतून उसळणारा कल्लोळ परिणामकारक ठरतो, तो या कठोर निवडीमुळेच. कारण तेथील शांतताही वगळण्यातून घडविलेली आहे.

पुढे ‘पोस्ट-रॉक’चा पूर्वसूरी म्हणून या संग्रहाचा गौरव झाला. मात्र त्या प्रवाहातील अनेकांनी शांतता आणि कल्लोळ यांचा क्रम तेवढा उचलला. ध्वनिमुद्रित केलेले बहुतांश वादन टाकून देण्याची तयारी फारच थोड्यांनी दाखविली.