छायाचित्रावरून स्थलनिश्चिति : कान्हेरीचें उदाहरण

जुन्या छायाचित्राखालीं लिहिलेलें स्थलनाम हा पुरावा नव्हे. तें केवळ लिहिणाराचें म्हणणें होय, व तपासल्यावांचून तें ग्राह्य धरूं नये, असें आमचें मत आहे. मुंबईच्या उपनगरांतील बोरीवलीनजीकचें कान्हेरीचें चैत्यगृह (लेणें क्रमांक ३) व मावळांतील कार्ल्याचें चैत्यगृह यांचेंच पाहा. एकोणिसाव्या शतकांत जेम्स फर्ग्युसन यानें पहिल्यास दुसऱ्याची कनिष्ठ प्रतिकृति ठरविलें. इतकें साम्य असतां नुसत्या स्तंभांच्या रांगा पाहून नांव देणारा फसावयाचाच. परंतु कार्ल्याच्या छतास लांकडी कमानी अद्याप आहेत. कान्हेरीस त्या उरल्या नाहींत. कान्हेरीच्या ३४ स्तंभांपैकीं एका बाजूस ६ व दुसऱ्या बाजूस ११ एवढ्यांचेंच कोरीव काम झालें; बाकीचे साधे अष्टकोनी राहिले. ज्या अपुरेपणामुळें ही कृति कमी लेखिली जाते, तोच तिची पक्की ओळख ठरतो. कांचेवरील मूळ चित्र उलट्या बाजूनें छापलें गेलें असल्यास या दोन बाजूंची अदलाबदल होते, व तो दोषहि प्रत्यक्ष लेण्याशीं ताडून पाहतां उघडा पडतो.

कार्ल्याचें चित्र कान्हेरीचें म्हणून स्वीकारल्यास, कान्हेरीचें लांकूडकाम छायाचित्रणाच्या काळापर्यंत टिकलें होतें, असा खोटा इतिहास उभा राहील. म्हणून दोन स्वतंत्र खुणा जुळाव्या व विरोधी एकहि नसावी, तेव्हांच नांव लिहावें. एरवीं जागा कोरी ठेवणें हेंच संशोधकास शोभतें.