जवळिकेचा परवाना

'कॅबरे' हा शब्द कानी पडला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा हिंदी चित्रपटातील एक ठरीव दृश्य उभे राहते : धुराने भरलेले हॉटेल, कोपऱ्यातील टेबलाशी बसलेला खलनायक आणि पिसांचा मुकुट घालून नाचणारी हेलन. हेलनच्या नृत्यकौशल्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु त्या दृश्याने एका कलाप्रकाराचे नाव आपल्याकडे इतके व्यापून टाकले की मूळ वस्तू काय होती, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. मूळ वस्तू तशी साधी आहे. १८८१ साली पॅरिसच्या मोंमार्त्र भागात रोदोल्फ सालिस याने 'ल शा न्वार', म्हणजे 'काळे मांजर', या नावाचे मद्यगृह उघडले आणि कवी, चित्रकार व गायक यांना तेथे आपल्या रचना सादर करण्यास मोकळीक दिली. लहानशी खोली, ऐकणाऱ्याच्या पुढ्यात पेला आणि चार पावलांवर गाणारा माणूस, एवढेच कॅबरेचे आद्य रूप. ही रीत पुढे बर्लिनला गेली. ब्रेश्ट आणि कुर्ट वाइल यांच्या ज्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) रचला, त्यातील गाण्यांनाही त्या बर्लिनची हवा लागलेली होती.

प्रस्तुत लेखात आम्हांला विचार करावयाचा आहे तो न्यूयॉर्कमधील या गायकीचा. जवळून गाण्याची ही कला तेथे वाढली, तशीच ती कायद्याच्या कचाट्यातही सापडली, आणि या दोन्ही गोष्टींचा इतिहास नोंदलेला आहे. बैठकीच्या गाण्यावर पोसलेल्या आपल्यासारख्या रसिकांना त्यातून काही उमगण्याजोगे आहे, अशी आमची धारणा आहे.

प्रथम कलेकडे पाहू. मेबल मर्सर (१९००-१९८४) ही या गायकीची आदर्श मानली जाते. इंग्लंडमध्ये जन्मलेली, कृष्णवर्णीय पित्याची आणि गौरवर्णीय मातेची ही मुलगी १९३०च्या दशकात पॅरिसच्या 'ब्रिकटॉप्स'मध्ये गाऊन नावारूपाला आली आणि नंतर न्यूयॉर्कला स्थायिक झाली. ती खुर्चीवर ताठ बसून, हात मांडीवर ठेवून गात असे. उतारवयात आवाजाने साथ सोडत आणली, तेव्हा तिचे गाणे जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर आले. आणि आश्चर्य असे, की तिची प्रतिष्ठा उणावण्याऐवजी वाढली. शब्दफेकीचे धडे आपण तिच्याकडून घेतले, असे फ्रँक सिनात्रासारखा गायक मोकळेपणाने सांगत असे.

असे का व्हावे? आमच्या मते, या गायकीत स्वर हे अर्थाचे वाहन असते, अर्थाचे अलंकरण नव्हे. आपल्या ठुमरीशी तुलना केली म्हणजे हे स्पष्ट होते. ठुमरी गाणारी गायिका एकच ओळ पुनःपुन्हा घेते आणि प्रत्येक खेपेस तिच्यातून निराळी छटा काढते. ओळ तीच, अर्थ अनेक. मर्सरच्या गाण्यात ओळ एकदाच येते. तेव्हा त्या एका उच्चारात, कोणत्या शब्दावर किंचित रेंगाळायचे, कोणता शब्द टाकून द्यायचा, श्वास कोठे घ्यायचा, याचा निर्णय करावा लागतो. एका अर्थाने ती गीताची समीक्षाच असते. हा निर्णय ऐकू यावा म्हणून, आणि त्याहूनही तो चेहऱ्यावर दिसावा म्हणून, श्रोता जवळ हवा. सहाव्या रांगेपलीकडे ही कला पोचत नाही, आणि तेथवर पोचण्याचा तिचा आग्रहही नाही.

जवळीक म्हटली की आपल्याला जिव्हाळा, हळुवारपणा, प्रणयगीते आठवतात. परंतु जवळून सांगितलेली गोष्ट गोडच असते असे नाही. १९३८च्या डिसेंबरात बार्नी जोसेफसन याने न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये, एका तळघरात, 'कॅफे सोसायटी' सुरू केली. कृष्णवर्णीय कलावंत रंगमंचावर आणि कृष्णवर्णीय पाहुणे दाराबाहेर, हा त्या काळच्या नामांकित क्लबांचा रिवाज होता. जोसेफसनने तो मोडला; त्याच्याकडे दोन्ही वर्णांचे लोक शेजारी शेजारी बसत. बिली हॉलिडे ही तेव्हा तेविशीची गायिका तेथे गात असे. एबल मीरोपोल या शाळामास्तराने लिहिलेले 'स्ट्रेंज फ्रूट' हे गीत तिच्याकडे आले. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना झाडाला टांगून ठार मारण्याचे जे प्रकार चालत, त्यांवरचे हे गीत.

ते कसे सादर व्हायचे, याचे नियम जोसेफसनने ठरवून दिले होते. गीत अखेरीस यायचे. त्यापूर्वी वाढप्यांनी काम थांबवायचे. सगळे दिवे मालवून गायिकेच्या चेहऱ्यावर तेवढा एक झोत ठेवायचा. गीत संपताच तोही विझवायचा. आणि दिवे पुन्हा लागले की ती तेथे नसायची. टाळ्या कितीही होवोत, पुन्हा गायचे नाही. ही केवळ नाट्यमय क्लृप्ती होती असे आम्हांस वाटत नाही. मद्यगृहातील श्रोत्याला नेहमी एक पळवाट असते : तो पेला उचलू शकतो, शेजाऱ्याशी बोलू शकतो, बिल मागवू शकतो. येथे ती एकेक करून बंद केलेली आहे. कोलंबिया कंपनीने हे गीत मुद्रित करण्याचे नाकारले, तेव्हा १९३९च्या एप्रिलमध्ये कमोडोर या छोट्या कंपनीने ते केले. ती तबकडी आज सहज ऐकता येते. बिली कोठेही आवाज चढवून आक्रोश करीत नाही. जणू समोरच्या एकाच माणसाला सांगावे तसे सांगते. म्हणूनच ते ऐकवत नाही.

आता कायद्याकडे वळू. न्यूयॉर्क शहराने १९२६ साली कॅबरे-कायदा केला. जेथे खाणेपिणे विकले जाते तेथे संगीत वा नृत्य चालवायचे असेल, तर मालकाने परवाना घेतला पाहिजे, असा त्याचा आशय. कायद्याच्या भाषेत त्यामुळे जॅझचा क्लब आणि गाण्याची खोली, दोन्ही 'कॅबरे'च. १९४० पासून त्यात भर पडली ती कलावंताच्या ओळखपत्राची. अशा ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांकडे बोटांचे ठसे देऊन कार्ड घ्यावयाचे, आणि गुन्हा शाबीत झाला की ते गमवायचे. अमली पदार्थांच्या प्रकरणी १९४७ साली बिली हॉलिडेला शिक्षा झाली आणि तिचे कार्ड गेले. १९५९ साली मृत्यू येईपर्यंत ते तिला परत मिळाले नाही. पियानोवादक थेलोनियस मंक याचे कार्ड १९५१ साली गेले ते १९५७ साली परत आले. एवढी वर्षे न्यूयॉर्कच्या क्लबांत त्याला राजरोस वाजवता आले नाही. कार्डाची ही पद्धत १९६७ साली बंद झाली.

यातील एक विसंगती आम्हांला विशेष बोचते. कार्ड लागे ते मद्य विकणाऱ्या जागेसाठी, सभागृहासाठी नव्हे. तुरुंगातून सुटल्यावर, १९४८च्या मार्चमध्ये, बिली हॉलिडे कार्नेगी हॉलमध्ये गायली. सुमारे २,८०० आसनांचे ते सभागृह भरून गेले होते. म्हणजे तिला हजारो लोकांसमोर गाण्याची मुभा होती, पण साठ-सत्तर लोकांच्या खोलीत नव्हती. कायद्याने तिचे गाणे बंद केले नाही. त्याने तिला श्रोत्यापासून दूर नेले. जी कला सहाव्या रांगेपलीकडे पोचत नाही असे आम्ही वर म्हटले, तिच्या बाबतीत या अंतराचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

गुन्हा घडला होता, मग कार्ड गेले तर नवल काय, असे कोणी म्हणेल. यावर आमचे उत्तर असे की, न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगून झाली होती. त्यानंतर जे घडले ती शिक्षा नव्हे, उपजीविकेवर पोलीसखात्याने ठेवलेला ताबा होता.

हा कायदा कलावंताच्या खिशापर्यंतच पोचला असे नाही, तो कलेच्या घडणीतही शिरला. १९६१ साली झालेल्या दुरुस्तीने विनापरवाना जागेत तीनपर्यंत वादकांना परवानगी मिळाली. मात्र वाद्ये पियानोसारखी किंवा तंतुवाद्ये असावीत, ही अट होती. ढोल-ताशे आणि तोंडाने फुंकावयाची वाद्ये वर्ज्य. ही बंधने १९८८पर्यंत न्यायालयाने रद्द ठरवली. नृत्यासाठी लागणारा परवाना मात्र २०१७ साली मूळ कायदाच रद्द होईपर्यंत टिकला. तोवर पियानो, बास आणि एक आवाज, एवढ्यावरच भागवणाऱ्या कितीतरी खोल्या शहरात नांदून गेल्या होत्या. या मितभाषी संचाचे आपण सौंदर्यदृष्टी म्हणून कौतुक करतो. त्यात अभिरुचीचा वाटा किती आणि नगरपालिकेच्या नियमाचा किती, हे वेगळे काढता येणे कठीण आहे. पण दुसरा वाटा आहे, हे समीक्षकाने विसरू नये.

या प्रकारच्या जागेत ऐकणे म्हणजे नेमके काय, हे जाणू इच्छिणाऱ्याने एक ध्वनिमुद्रण अवश्य ऐकावे. 'व्हिलेज व्हॅनगार्ड' हा १९३५ साली मॅक्स गॉर्डनने उघडलेला तळघरातला क्लब आजही चालू आहे. त्यात १२३ माणसे मावतात. रविवार, २५ जून १९६१ रोजी तेथे बिल एव्हान्स (पियानो), स्कॉट लाफारो (बास) आणि पॉल मोशन (ड्रम) यांचे वादन मुद्रित झाले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच लाफारो मोटार-अपघातात गेला. त्या मुद्रणात वाद्यांच्या मागे पेल्यांची किणकिण, कुजबूज, मध्येच कोणाचे हसणे ऐकू येते. प्रथम ऐकताना त्या अज्ञात माणसांचा राग येतो. पुढेपुढे मात्र ध्यानात येते की, हे तिघे त्या गलबल्यावर मात करण्याचा प्रयत्न करीत नाहीत. उलट आपला आवाज अधिक मृदू करतात. ज्याला ऐकायचे असेल त्याने पुढे झुकावे, असा तो व्यवहार आहे. आदर्श श्रोतृवृंदाची वाट पाहत बसणाऱ्या कलेला हा धीर कोठून यावा?

आणि आपण? बैठकीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजाला न्यूयॉर्ककडे बोट दाखवण्याचा फारसा अधिकार नाही. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथील दरबारांनी आणि धनिकांच्या दिवाणखान्यांनी ज्या कलेला आसरा दिला, ती कला जतन करण्यात कलावंतीण-परंपरेतील गायिकांचा वाटा केवढा होता, हे सर्वज्ञात आहे. तरीही १९४६च्या सुमारास, सरदार पटेल नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, ज्यांचे खासगी आयुष्य लोकापवादास कारण मानले गेले अशा गायिकांना आकाशवाणीची दारे बंद झाली. न्यूयॉर्कने कलंकित ठरवलेल्या गायिकेला दूरचे सभागृह दिले आणि जवळची खोली नाकारली. आपण नेमके उलट केले : दिवाणखान्यात जिचे गाणे चालत होते, तिला घराघरांत पोचणाऱ्या यंत्रापासून दूर ठेवले. दिशा भिन्न, पण परवाना देणाऱ्या हाताची समजूत एकच, की स्वराआधी चारित्र्य तपासावे. २००५ साली महाराष्ट्र शासनाने मद्यगृहांतील नृत्यावर बंदी घातली तेव्हा तारांकित हॉटेलांना वगळले होते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती बंदी अवैध ठरवली. ते नृत्य कला म्हणून कितपत मोलाचे, हा प्रश्न निराळा. गरिबाच्या जागेत जे अश्लील ते श्रीमंताच्या जागेत सभ्य कसे, हा प्रश्न मात्र न्यूयॉर्कचा आणि आपला एकच आहे.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर त्याबाबतही भाबडेपणा नको. बॉबी शॉर्ट या कृष्णवर्णीय गायक-पियानोवादकाने १९६८ पासून २००४ पर्यंत मॅनहॅटनमधील 'कॅफे कार्लाइल'मध्ये गाऊन विस्मरणात गेलेल्या कितीतरी गीतांना जीवदान दिले. पण ती खोली एका महागड्या हॉटेलात होती. प्रवेशाची रक्कम, वर खाण्यापिण्याचा सक्तीचा खर्च, हा अशा जागांचा शिरस्ताच. पोलिसाचे कार्ड गेले, आणि परवाना देण्याचे काम भाड्याने व दरपत्रकाने हाती घेतले. 'अल्गॉन्क्विन' हॉटेलातील नावाजलेली 'ओक रूम' २०१२ साली बंद झाली ती कोणा पोलिसाच्या हुकमाने नव्हे. लहान खोलीत माणसे थोडी मावतात, म्हणून प्रत्येकाकडून अधिक घ्यावे लागते. ही कला जितकी स्वतःशी प्रामाणिक, तितकी ती महाग. जोसेफसनच्या तळघरासारखी उदाहरणे म्हणूनच मोलाची. त्याचा भाऊ १९४७ साली अमेरिकी संसदेच्या चौकशी-समितीपुढे साक्ष देण्यास नकार देऊन तुरुंगात गेला, वृत्तपत्रांनी बार्नीवरही झोड उठवली, आणि 'कॅफे सोसायटी' बुडाली. दहा वर्षेच ती चालली. पण कोण कोणाच्या शेजारी बसून ऐकतो हा कलेबाहेरचा प्रश्न नाही, हे तिने दाखवून दिले.

आपल्या मंडळांच्या संगीतसभा आज बहुधा मोठ्या सभागृहात होतात. ध्वनिक्षेपक घुमत असतो, पहिल्या दोन रांगा निमंत्रितांसाठी राखीव असतात, आणि गायकाचा चेहरा मागच्या श्रोत्याला पुसट दिसतो. श्रोते कमी आले म्हणून कार्यकर्ते खंतावतात. चाळीस माणसे आली ही उणीव मानण्याऐवजी तीच संख्या धरून, सतरंजी अंथरून, ध्वनिक्षेपकाविना एखादी सभा भरवावी, आणि पहिल्या रांगेत कोणाचेही नाव लिहू नये, एवढेच आमचे मागणे आहे. जवळिकेला तेथे ना पोलिसाचा परवाना लागेल, ना दरपत्रकाचा. गाणाऱ्याने आवाज थोडा उतरवावा, आणि आपण थोडे पुढे झुकावे.