चेमुल ते चौल : स्वरांची साक्ष

रायगड किनाऱ्यावरील चौलचे मूळ नाव ‘चंपावती’ होते, असे स्थलवर्णनांतून सांगितले जाते. हे मत आम्हांस ग्राह्य वाटत नाही. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत दात्याचे गाव ‘चेमुल’ असे कोरलेले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथातही ‘सेमुल्ला’ हे बंदर येते. पाली ‘गाम’चे मराठीत ‘गाव’ झाले. त्याच नियमाने चेमुल, चेवुल, चेउल, चौल ही परंपरा सरळ लागते. उलट ‘चौल’मधील ‘ल’ ‘चंपावती’त कोठून आणावयाचा? संघाला दान देणाऱ्यांच्या गावाची स्मृती या नावात टिकून आहे; तिच्यावर दंतकथेचे आवरण घालणे उचित नव्हे.

मात्र हीच दक्षता आपणही पाळावयास हवी. १९६२च्या लेखननियमांप्रमाणे मराठीत ‘भिक्खू’ दीर्घ लिहिणे योग्यच. परंतु पालीत ‘भिक्खु’ म्हणजे एक आणि ‘भिक्खू’ म्हणजे अनेक. तेव्हा मराठीचा नियम पाली पाठास लावून ‘गच्छामि’चे ‘गच्छामी’ करणे सदोष होय. वंदनेच्या पुस्तिकांच्या संपादकांनी याकडे लक्ष द्यावे, ही विनंती.