मालेगावच्या सुपरमॅनचं अंग

मालेगावच्या सिनेमाचं नाव काढलं की पांढरपेशा माणूस आधी हसतो अन् मग लगेच चेहरा गंभीर करून म्हणतो, काय जुगाड आहे! मला त्याच्या हसण्याचा राग येत नाही. राग येतो तो या कौतुकाचा. पोरांनी सायकलीवर कॅमेरावाला बसवून ट्रॉली केली, बैलगाडी उलार करून तिच्या दांडीवर कॅमेरा चढवला अन् क्रेन केली, की यांना गंमत वाटते. अरे बाप्पा, ट्रॉलीला पैसे नव्हते म्हणून सायकल आली. घरात दाणा नाही म्हणून आंबिल पिणाऱ्याला 'काय साधी राहणी आहे तुमची' म्हणण्यासारखं हे आहे. या कौतुकात एक गोष्ट सोयीनं राहून जाते. त्या सिनेमात आहे काय, हे कोणी विचारत नाही. कलाकृती म्हणून त्याला कोणी तपासत नाही. प्रस्थापित समीक्षेच्या लेखी तो जत्रेतला दोन तोंडांचा बोकड आहे. पाहायचा, हसायचं, पुढं जायचं.

आपल्यातली काही पोरं मोबाइल घेऊन सिनेमा करायला निघाली आहेत. त्यांना मालेगाव तपासल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मालेगाव नाशिक जिल्ह्यात, मोसम नदीच्या काठी. यंत्रमागाचं गाव. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून पांगलेले कित्येक मोमीन विणकर तिथं ठरले. आपल्या कामठीतही मोमीन विणकरांची वस्ती जुनी आहे, तेव्हा ही काही परक्या मुलखाची गोष्ट नाही. तिथं माग बारा-बारा तासांच्या पाळीनं चालतात अन् शुक्रवारी बंद राहतात. शुक्रवार म्हंजे नमाज आणि सिनेमा. नासिर शेख या माणसाचं तिथं व्हिडिओ पार्लर होतं. दोन व्हीसीआर जोडून फितीवरची दृश्यं कापता-सांधता येतात हे तो स्वतःच्या स्वतः शिकला. कुठली फिल्म इन्स्टिट्यूट नाही, कोणी गुरू नाही. आम्ही रिंगवर तुटलेला धागा सांधायला जसे शिकलो तसाच तो शिकला, म्हंजे बोटांनी. २००० साली त्यानं 'मालेगाव के शोले' काढला. खर्च ५० हजारांच्या आसपास. नट म्हंजे दोस्तमंडळी, मागावरची, दुकानावरची. गावानं तो सिनेमा डोक्यावर घेतला.

आता मूळ 'शोले' आठवा. १९७५ चा. रामगढ नावाचं गाव आहे. ठाकूर आहे, मौसी आहे, टांगेवाली आहे, मशिदीतले इमामसाहेब आहेत. पण मित्रहो, त्या गावाला महारवाडा नाही. मेलेलं ढोर कोण ओढतं, ठाकुराच्या शेतात कोण राबतं, काही पत्ता नाही. तीन तासांच्या सिनेमात गावाची एक अख्खी बाजू गायब आहे अन् आपण तीन पिढ्या त्यावर शिट्ट्या मारून राह्यलो. मालेगावच्या पोरांनी या शोलेतले घोडे काढले अन् डाकूंना सायकलीवर बसवलं. घोडे परवडत नव्हते, एवढंच कारण. पण पडद्यावर जे घडतं ते कारणापेक्षा मोठं आहे. घोडा हे या देशात साधं जनावर नाही. आपल्या जातीचा नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरातीवर दगड पडल्याच्या बातम्या अजून येतात. गब्बरचा दरारा निम्मा त्या घोड्यांचा होता. सायकलीवर तो उतरला अन् दरारा पंक्चर झाला. नासिर शेखच्या मनात हे होतं की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. पडद्यावर आहे, तेवढं मला पुरे.

पण घोडा गेला तरी ठाकूर राह्यलाच. इथं माझं भांडण आहे. नक्कल करणारा मालकाची चाल उडवतो, मालकाचा वाडा मात्र तसाच ठेवतो. गोष्ट मुंबईची, नायक-खलनायकाची मांडणी मुंबईची. बदललं ते फक्त सामान. याच नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला तेव्हा त्यांनीही तमाशाचा साचा उसनाच घेतला होता. पण त्यांनी गणाचा अर्थ बदलला, गवळण बदलली, वगात गावातल्या जुलमाची गोष्ट आणली. साचा तमाशाचा, आतला माल सगळा आपला. मालेगाव तिथवर गेलं नाही. नुसत्या विडंबनावर थांबलेली कला मालकाशिवाय जगू शकत नाही. मालकानं नवा सिनेमा काढला तरच हिची पुढची गोष्ट.

हे त्यांच्यातल्या माणसांनाही कळत होतं असं दिसतं. फरोग जाफरी हा त्यांचा लेखक. फैजा अहमद खान या बाईंनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ साली केला, तो २०१२ मध्ये थेटरात लागला. त्यात हा माणूस बोलतो तेव्हा हसू येत नाही. मालेगाव ते मुंबई पावणेतीनशे किलोमीटर. एसटीनं रात्रीत कापता येतं, लेखकाला आयुष्यभर कापता येत नाही. फैजाबाईंच्या कॅमेऱ्याचा मोठेपणा हा की तो या माणसांना पाहायला येणाऱ्यांत नाही. तो त्यांच्यासोबत बसतो, कॅमेरा पाण्यात पडला तर त्यांच्यासोबत हळहळतो.

आता मुद्द्याचं. 'मालेगाव का सुपरमॅन'.

शफीक शेख नावाचा यंत्रमागावरचा कामगार यात सुपरमॅन झाला. त्याचं अंग पाहा. बरगड्या मोजून घ्याव्यात. चड्डीचा नाडा बाहेर लोंबतो आहे. हिरव्या कापडापुढं आडवा करून त्याला उडवला आहे. शूटिंग चालू असतानाच त्याचं लग्नही झालं. खलनायक असा की त्याला घाण आवडते, सगळं गाव घाण झालेलं हवं आहे. अन् सुपरमॅनची लढाई तंबाखूशी. सुपरमॅननं वाचवायचं म्हंजे काय, तर लोकांना थुंकण्यापासून, गटारापासून, गुटख्यापासून. न्यूयॉर्कवर उल्का पडायची नाही इथं. इथं नाली तुंबते.

मला हा सिनेमा 'शोले'पेक्षा कितीतरी पुढचा वाटतो. कारण इथं उसन्या कपड्यात पहिल्यांदा स्वतःचं अंग शिरलं. त्या निळ्या-लाल कपड्यात मावण्यासाठी शफीकनं छाती फुगवली नाही. कपडाच त्याच्या अंगावर ढगळ झाला. ढगळ कपडा खरा, अंगही खरं. जगातल्या कोणत्याही सुपरमॅनपेक्षा या माणसाला वाचवण्याची जास्त गरज आहे अन् तोच दुसऱ्याला वाचवायला निघाला आहे, हे एका नजरेत कळतं. कोणी संवाद म्हणावा लागत नाही.

इथं हसण्याचा प्रश्न येतो. मालेगावचा प्रेक्षक शफीकला पाहून हसतो ते ओळखून हसतो. हा तर आपल्या बाजूच्या मागावरचा! सुपरमॅन खाली आला, मागाच्या खात्यात आला, याची ती खुशी आहे. मुंबई-पुण्याचा प्रेक्षक तेच दृश्य पाहून हसतो तेव्हा तो त्या अंगाला हसतो. हसणं एकच, बसायची जागा वेगळी. पुढं यूट्यूब आलं अन् मालेगावच्या छोटूदादाची विनोदी चित्रं कोट्यवधी लोकांनी पाह्यली. पैसा आला, गावातल्या पोरांना काम मिळालं, त्याचा आनंद आहे. पण त्यात विनोदाचा सगळा भार एका ठेंगण्या अंगावर टाकला आहे. ओळखीचं हसू गेलं, नुसतं बघ्याचं उरलं. दोष त्या नटाचा नाही. तो त्याच्या ताकदीनं काम करतो. दोष मागणीचा आहे.

अस्सल सुपरमॅनची जन्मकथाही ऐकून ठेवा. १९३८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या दोन पोरांनी, सीगल आणि शुस्टर, स्थलांतरित ज्यू घरांतली, हा सुपरमॅन काढला अन् १३० डॉलरला त्याचे हक्क विकून टाकले. कंपनी गब्बर झाली, ते दोघं पुढं वर्षानुवर्षं कोर्टात भांडत राहिले. म्हंजे सगळ्या जगाला वाचवणारा हा बलदंड गडी मुळात दोन गरीब पोरांचं स्वप्न होतं. ते मालेगावला परत आलं तर त्यात नवल नाही. परत येताना मात्र त्यानं स्नायू टाकून दिले.

त्या १९३८ च्या पुढच्याच जानेवारीत, १२ जानेवारी १९३९ ला, आपल्या कामठीचे बाबू हरदास क्षयानं गेले. वय ३५. 'जयभीम' हा अभिवादनाचा शब्द ज्यांच्या नावावर सांगतात ते. विडी मजुरांची संघटना बांधणारे. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे म्हणून कायदेमंडळावर निवडून गेलेले. तंबाखूच्या धुळीत बसलेल्या माणसांसाठी लढले अन् छातीच्या रोगानं गेले. शफीक शेखनं पडद्यावर तंबाखूशी लढाई केली अन् २०११ साली तोंडाच्या कर्करोगानं गेला. मी ही दोन मरणं ओढून-ताणून जोडून राह्यलो असं कोणाला वाटेल. वाटू द्या. विणकराचं अंग अन् विडीवाल्याचं अंग एकाच पद्धतीनं झिजतं. सिनेमा ते झिजणं दाखवू शकतो. कादंबरीला त्यासाठी पानंच्या पानं लागतात, सिनेमाला एक खांदा पुरतो.

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' २०१३ चा. तो मोठा का, तर त्यातला जब्या. सोमनाथ अवघडे हा करमाळ्याकडच्या खेड्यातला पोरगा. त्याचं पळणं, लपणं, मान खाली घालणं कोणी शिकवलेलं नाही. डुक्कर पकडायच्या वेळी त्याचं अंग जसं आकसतं ते नाटकाच्या शाळेत शिकून येत नाही. 'फँड्री' अन् 'मालेगाव का सुपरमॅन' एका जातीचे सिनेमे नाहीत. एक रडवतो, एक हसवतो, तंत्रात जमीन-अस्मानाचा फरक. पण दोघांचा पाया एकच आहे: ज्याचं दुखणं त्याचंच अंग पडद्यावर.

म्हणून २०२५ मध्ये मुंबईनं 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' काढला तेव्हा मला गंमत वाटली. रीमा कागतींचं दिग्दर्शन, वरुण ग्रोवरचं लेखन. आधी मालेगावनं मुंबईची नक्कल केली, आता मुंबईनं मालेगावची केली. सिनेमा वाईट नाही. उलट लेखकाचं दुखणं, नकला बास, आपल्या गोष्टी सांगू, हे त्यात नीट मांडलं आहे. नटांनी मेहनत घेतली आहे. पण मेहनत घेऊन बारीक झालेलं अंग अन् पोटाला न मिळून बारीक राहिलेलं अंग यात फरक असतो, तो कॅमेऱ्याला कळतो. अन् शफीक हयात नाही. त्याची नक्कल कशी झाली हे तो सांगू शकत नाही.

मालेगावच्या सिनेमाची सगळ्यात मोठी खोट अजून सांगितलीच नाही. बायका. गावातली एकही बाई पडद्यावर येऊ शकत नव्हती. नायिका बाहेरगावाहून पैसे देऊन आणायची. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नाही, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या साळुंकेंना साडी नेसवली होती. तेव्हापासून आपण किती पुढं आलो? मागाला लागणाऱ्या कांड्या घरोघर कोण भरतं? कामठीत सूप मांडीवर घेऊन विड्या कोण वळतं? ज्या हातांवर गाव चालतं ते हात चौकटीबाहेर. मुसलमान मोहल्ल्याकडं बोट दाखवून मोकळं व्हायची सोय आपल्याला नाही. आपल्या पोरांच्या शॉर्टफिल्मा पाहा. दहा गुंडांना लोळवणारा भीमसैनिक आहे, गळ्यात निळा दुपट्टा आहे, संथ गतीची चाल आहे. बाई एकच, ती आई, ती रडते. हा दक्षिणेकडच्या मारधाडीचा साचा निळ्या रंगात बुडवून काढला आहे. मालेगावनं घोड्याऐवजी सायकल तरी आणली. आपण घोड्यालाच निळा रंग देऊन राह्यलो.

बाबू हरदासांवर 'बोले इंडिया जयभीम' नावाचा मराठी सिनेमा सुबोध नागदेवेंनी केला आहे. त्याच्यावर स्वतंत्र लिहीन. महापुरुषावरचा सिनेमा करणं ही वेगळी अडचण आहे, तिथं अंगापेक्षा पुतळा लवकर तयार होतो. इथं एवढंच नोंदवतो की हरदासांनी स्वतः 'वीर बालक' नावाचं नाटक लिहून रंगमंचावर आणलं होतं. याच गावातला माणूस, हातात पैसा नाही, समोर अडाणी म्हणून हिणवलेले लोक. तेव्हा 'आपल्याकडे परंपरा नाही' असं कोणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. मालेगावच्या आधी कितीतरी वर्षं कामठीत हे होऊन गेलं.

एक तांत्रिक गोष्ट, मोबाइलवाल्या दोस्तांसाठी. खात्यात मशीन चालू असली की मोबाइलवर माणसाचा आवाज येत नाही, नुसती घरघर येते. म्हणून तुम्ही मशीन बंद करून शूटिंग करता अन् मग तो कामगार कामगार दिसत नाही, फोटो काढायला उभा राहिलेला दिसतो. मशीन बंद करू नका. आम्ही तिथं तोंडानं बोलतच नाही. धागा तुटला तर दोन बोटं, सुपरवायझर आला तर खांद्यावर थाप, पाणी प्यायला चाललो तर अंगठा ओठाला. नव्या पोराला आठ दिवसांत हे सगळं येतं. बारा-बारा तास आमचं भांडण, मस्करी, लग्नाची बोलणी, सगळं या हातांवर चालतं, अन् पाळी सुटल्यावरसुद्धा काही वेळ आम्ही एकमेकांशी हातानंच बोलत राहतो.