केरेन्स्की : स्वर जहाल, धोरण मवाळ
(१९१७ च्या रशियन हंगामी सरकारच्या नेतृत्वाची एक चिकित्सा)

प्रस्तावना

प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे पदवी वर्गास आधुनिक जगाचा इतिहास शिकवीत आहे. रशियन राज्यक्रांतीवरील प्रश्नाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास आढळते : ‘केरेन्स्कीचे सरकार दुबळे असल्यामुळे लेनिनने ते उलथून टाकले.’ विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण आपण त्यांना हेच शिकविलेले असते. फेब्रुवारी ते ऑक्टोबर १९१७ या आठ महिन्यांकडे आपण दोन मोठ्या प्रसंगांमधील प्रतीक्षालय म्हणून पाहतो आणि त्या प्रतीक्षालयात येरझारा घालणारा एक हतबल वकील म्हणून केरेन्स्कीची बोळवण करतो. ‘दुबळे’ हे विशेषण वर्णन करते, स्पष्टीकरण करीत नाही. फेब्रुवारीअखेर ज्याला पेट्रोग्राडच्या गर्दीने खांद्यावर घेतले, जो वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी पंतप्रधान झाला, त्याच्या बाजूने ऑक्टोबरअखेर राजधानीत मूठभर छात्रसैनिक आणि महिला पलटणीची एक तुकडी एवढेच बळ उरावे, हे कसे घडले, याची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

लेखातील तारखा तत्कालीन रशियन पंचांगानुसार दिल्या आहेत. आपल्या प्रचलित पंचांगासाठी त्यांत तेरा दिवस मिळवावे लागतात.

दोन व्यंगचित्रे

केरेन्स्कीची जी प्रतिमा जगभर रूढ झाली ती प्रामुख्याने त्याच्या विरोधकांनी घडविलेली आहे. आयझेनस्टाइनच्या ‘ऑक्टोबर’ (१९२८) या चित्रपटात केरेन्स्की हिवाळी राजवाड्याचा जिना चढतो, चढतच राहतो, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याची नवनवी पदे पडद्यावर झळकतात. पुढे यांत्रिक मोर पिसारा फुलवितो. प्रेक्षकाला जे कळायचे ते कळते. ग्रिगोरी शेगाल या चित्रकाराने १९३० च्या दशकात त्याला परिचारिकेच्या वेशात पळताना रंगविले. वस्तुतः गातचिना येथून तो खलाशाच्या वेशात निसटला होता. परंतु बायकी वेशाची कथा सोव्हिएत शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ट्रॉट्स्कीचे चित्र अर्थातच अधिक बुद्धिमान आहे. त्याच्या ‘रशियन राज्यक्रांतीचा इतिहास’ या ग्रंथात केरेन्स्की हा परस्परविरोधी वर्गांच्या मधोमध तोल सांभाळणारा एक दुय्यम दर्जाचा बोनापार्ट ठरतो. हे विवेचन तीक्ष्ण आहे खरे, पण त्यात एक सोय दडलेली आहे. वर्गांचे गणित एकदा मांडले की व्यक्तीने घेतलेल्या निर्णयांची वेगळी जबाबदारी तपासावी लागत नाही.

अलीकडच्या इतिहासकारांनी ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली आहे. रिचर्ड अब्राहम यांचे १९८७ मधील चरित्र आणि बोरिस कोलोनित्स्की यांनी केरेन्स्कीच्या नेतृत्वपूजेचा केलेला अभ्यास (२०१७) ही या संदर्भातील महत्त्वाची नावे होत. विशेषतः कोलोनित्स्की यांच्या अभ्यासातून असे दिसते की, ‘क्रांतीचा नेता’ ही पूजनीय प्रतिमा व तिला लागणारी भाषा रशियात लेनिनच्या आधी केरेन्स्कीभोवती तयार झाली होती. नेतृत्वाची गादी त्याने सजविली, बसला दुसराच.

‘मवाळ’ या शब्दाविषयी

येथे मराठी वाचकापुढे एक भाषिक अडचण उभी राहते. केरेन्स्की मवाळ होता असे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सुरतेच्या १९०७ च्या काँग्रेसमधील एक पक्ष उभा राहतो : आकडेवारीनिशी बोलणारे, अर्जविनंत्यांवर श्रद्धा असणारे, आवाज न चढविणारे गोखल्यांसारखे नेते. केरेन्स्की या साच्यात मुळीच बसत नाही. तो राजकीय खटल्यांत आरोपींची बाजू मांडणारा वकील होता. लेना येथील सोन्याच्या खाणींवर १९१२ मध्ये झालेल्या कामगार हत्याकांडाची चौकशी करण्यासाठी तो सैबेरियात गेला आणि त्यातूनच त्याचे नाव देशभर झाले. चौथ्या दुमामध्ये तो ट्रुडोविक गटाकडून निवडून आला. त्याची भाषणे भडक असत; बोलता बोलता तो जवळजवळ बेशुद्ध पडण्याच्या अवस्थेस पोहोचे. थोडक्यात, स्वर जहाल. मवाळपणा होता तो त्याच्या स्थानात : उदारमतवादी मंत्री आणि समाजवादी सोव्हिएत या दोहोंना जोडणारा एकमेव माणूस तो होता. आपल्याकडे जहाल आणि मवाळ या दोन व्यक्ती असतात. येथे एकाच व्यक्तीत दोन्ही नांदत होते, आणि प्रश्न तेथूनच सुरू होतो.

योगायोगाचा मोह आवरून एक गोष्ट नोंदवितो. सिम्बिर्स्कच्या ज्या शाळेत व्लादिमीर उल्यानोव्ह, म्हणजे पुढचा लेनिन, शिकला, त्या शाळेचे मुख्याध्यापक केरेन्स्कीचे वडील होते. थोरला भाऊ १८८७ मध्ये फाशी गेला असतानाही त्यांनी उल्यानोव्हला उत्तम शिफारसपत्र दिले. यातून इतिहासाचा कोणताही नियम सिद्ध होत नाही.

उदय

पेट्रोग्राडमधील सैनिक २७ फेब्रुवारी रोजी बंडात सामील झाले तेव्हा दुमाचे बहुतेक सभासद काय करावे या विवंचनेत होते. केरेन्स्की मात्र बाहेर जाऊन सैनिकांना सामोरा गेला. जमावाच्या तावडीत सापडलेल्या झारच्या मंत्र्यांना त्याने स्वतः संरक्षण दिले. सोव्हिएतच्या कार्यकारिणीने सरकारात सहभागी न होण्याचे ठरविले होते आणि केरेन्स्की तर तिचा उपाध्यक्ष. तेव्हा २ मार्च रोजी तो कार्यकारिणीला वळसा घालून थेट सोव्हिएतच्या सर्वसाधारण सभेपुढे उभा राहिला आणि टाळ्यांच्या गजरात न्यायमंत्रिपदास मान्यता मिळवून आला. राजकैद्यांची मुक्तता, मृत्युदंडाची समाप्ती ही कामे न्यायखात्याने झपाट्याने केली. हे यश खोटे नव्हते. परंतु सदर प्रसंगातून त्याने चुकीचा धडा घेतला असे प्रस्तुत लेखकास वाटते. संघटनेपेक्षा सभा मोठी, आणि ठरावापेक्षा टाळी मोठी, अशी त्याची धारणा झाली. समाजवादी क्रांतिकारक या त्याच्या स्वतःच्या पक्षाच्या तिसऱ्या अधिवेशनात तो मध्यवर्ती समितीवरही निवडून येऊ शकला नाही. देशाचा लाडका नेता पक्षात मात्र परका होता.

युद्ध, जमीन आणि ‘संविधान सभेपर्यंत थांबा’

हंगामी सरकारची अधिकृत भूमिका सुसंगत वाटते. आम्ही हंगामी आहोत. राज्याचे स्वरूप, जमिनीचे फेरवाटप, बिगर-रशियन प्रदेशांचे स्थान हे मूलभूत प्रश्न लोकनियुक्त संविधान सभाच सोडवील. तोपर्यंत धीर धरावा. कायद्याच्या पदवीधराला शोभणारी ही भूमिका आहे आणि तिला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. केरेन्स्कीच्या समर्थकांचा सर्व भर याच तात्त्विक निष्ठेवर असतो. तथापि ही निष्ठा सर्व प्रश्नांच्या बाबतीत सारखीच पाळली गेली का, हे तपासले पाहिजे. माझ्या मते केरेन्स्कीच्या मूल्यमापनाची खरी कसोटी येथे आहे.

प्रथम युद्ध. मे महिन्यात तो युद्धमंत्री झाला आणि आघाडीवर भाषणांचा दौरा काढला. रशियन भाषेत सरसेनापतीला जो शब्द आहे त्यात किंचित फेरफार करून त्याचे टोपणनाव पडले. मराठीत त्याला ‘सरविनवणीपती’ म्हणता येईल. चढाई १८ जून रोजी सुरू झाली, काही दिवस पुढे सरकली आणि मग कोलमडली. राजधानीतील पहिल्या मशीनगन पलटणीने आघाडीवर जाण्यास नकार दिला आणि त्यातूनच जुलैच्या आरंभीचा उठाव पेटला. लढणे भाग होते, असा युक्तिवाद करता येतो. जर्मनीशी स्वतंत्र तह म्हणजे मित्रराष्ट्रांशी दगा आणि जर्मनीला पश्चिमेकडे मोकळे रान, हे त्याचे म्हणणे निराधार नव्हते. विजयी सैन्य असेल तरच शांततेच्या वाटाघाटीत रशियाचा शब्द ऐकला जाईल, हाही हिशोब होता. परंतु बचाव करणे वेगळे आणि चढाई करणे वेगळे. लाखो सैनिकांचे आयुष्य पणाला लावणारा, कधीही मागे न घेता येणारा हा निर्णय संविधान सभेची वाट न पाहता घेतला गेला.

मार्चमध्ये रद्द झालेला मृत्युदंड १२ जुलै रोजी आघाडीपुरता पुन्हा लागू झाला, तोही वाट न पाहता. आणि १ सप्टेंबर रोजी रशिया प्रजासत्ताक असल्याची घोषणा झाली. राज्याचे स्वरूप हा तर संविधान सभेसाठी राखून ठेवलेल्या प्रश्नांतील पहिला प्रश्न! डाव्यांचा विश्वास परत मिळविण्यासाठी घोषणेची गरज भासली, तेव्हा कायदेशीर संकोच आड आला नाही.

मग तो आड आला कोठे? जमिनीच्या प्रश्नात. शेतकरी, आणि गणवेशातले शेतकरी म्हणजे सैनिक, ज्याची सर्वाधिक वाट पाहत होते नेमकी तीच गोष्ट पुढे ढकलली गेली. संविधान सभेची निवडणूक १७ सप्टेंबरला व्हायची होती, ती ऑगस्टमध्ये १२ नोव्हेंबरपर्यंत लांबविण्यात आली. मतदारयाद्या तयार नव्हत्या हे कारण खरे आहे. शिवाय स्त्रियांसह सर्व प्रौढांना मताधिकार देणारी एवढी अफाट निवडणूक घाईने उरकणे सोपे नव्हते. पण तांबोव्हसारख्या प्रांतांत शरद ऋतूत जमीनदारांचे वाडे जळू लागले, त्यांना ही कारणे कोण समजावून सांगणार? वाट पाहण्याचे तत्त्व केवळ शेतकऱ्यालाच लागू होते, असा अर्थ त्याने काढला असेल तर तो चुकला असे म्हणवत नाही.

तारयंत्रावरचा संवाद

ऑगस्टअखेरच्या कोर्निलोव्ह प्रकरणाबद्दल विपुल लिहिले गेले आहे. येथे एकच प्रसंग घेतो. धर्मपीठाचा माजी शासकीय प्रमुख व्ही. एन. ल्वोव्ह हा एक गोंधळी गृहस्थ सरसेनापती कोर्निलोव्हचा निरोप घेऊन केरेन्स्कीकडे आला. निरोप की निर्वाणीचा इशारा, हे त्याच्या बोलण्यावरून ठरविणे कठीण होते. खातरजमा करण्यासाठी २६ ऑगस्टच्या रात्री केरेन्स्कीने तारयंत्रावरून कोर्निलोव्हशी संपर्क साधला. ल्वोव्ह खोलीत हजर नसताना त्याच्या नावानेही केरेन्स्कीच बोलला. ल्वोव्हने सांगितले ते खरे काय, असा प्रश्न गेला. पलीकडून होकार आला. काय सांगितले, हे ना याने विचारले, ना त्याने. दोन माणसांनी मिळून देशाच्या नशिबाचा असा फैसला केला की, त्यात नेमका मजकूरच नव्हता! एखाद्या कनिष्ठ न्यायालयातही केरेन्स्की वकिलाने अशी साक्ष टिकू दिली नसती.

पुढचे सर्वज्ञात आहे. रेल्वे कामगारांनी कोर्निलोव्हच्या तुकड्यांच्या गाड्या अडविल्या, प्रचारकांनी सैनिकांना परावृत्त केले, आणि बंड लढाईविनाच विरले. कामगारांच्या हाती बंदुका आल्या, ट्रॉट्स्की तुरुंगातून सुटला आणि २५ सप्टेंबर रोजी पेट्रोग्राड सोव्हिएतचा अध्यक्ष झाला. उजव्यांच्या लेखी केरेन्स्की विश्वासघातकी ठरला, डाव्यांच्या लेखी कटाचा भागीदार. पुलाची दोन्ही टोके खचल्यावर पूल मोठा मजबूत होता असे म्हणण्यात काय अर्थ? त्याने मात्र सरसेनापतिपदही स्वतःकडे घेतले.

अखेरची रात्र

या दृष्टीने २४ ऑक्टोबरची रात्र विशेष अभ्यसनीय आहे. युद्धमंत्री वेर्खोव्स्की याने चारच दिवसांपूर्वी सैन्य आता लढू शकत नाही असे स्पष्ट सांगितले होते. त्याची तात्काळ पदावरून गच्छंती झाली. त्या संध्याकाळी पूर्व-संसद या सल्लागार सभेने सरकारला बिनशर्त पाठिंबा देण्याऐवजी शांततेच्या वाटाघाटी आणि जमिनीचा प्रश्न यांबाबत तातडीने पावले उचलावीत असा ठराव केला. दान, गोट्स आणि आव्क्सेन्तिएव्ह हे तिघे ठराव घेऊन हिवाळी राजवाड्यात गेले. त्याच रात्री भित्तिपत्रके लावून लोकांना या दोन गोष्टी कळवाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. हे तिघे बोल्शेविक नव्हते. केरेन्स्कीसारखेच मवाळ समाजवादी होते, आणि त्यांतील दोघे तर त्याच्याच पक्षाचे. केरेन्स्कीने त्यांना परत पाठविले. सरकारला बाहेरच्या सल्ल्याची आवश्यकता नाही, असा त्याचा सूर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सैन्य आणण्यासाठी मोटारीतून राजधानीबाहेर पडला. जनरल क्रास्नोव्हच्या मोजक्या कोसॅकांसह परतण्याचा त्याचा प्रयत्न पुल्कोवोच्या टेकड्यांपाशी संपला.

लेनिनने २६ ऑक्टोबर रोजी जमिनीविषयीचा हुकूम सोव्हिएतांच्या अधिवेशनापुढे मांडला. त्याचा मुख्य भाग शेतकऱ्यांच्या २४२ स्थानिक मागणीपत्रांवरून समाजवादी क्रांतिकारकांनी तयार केलेल्या मसुद्यातून उचललेला होता. म्हणजे तो केरेन्स्कीच्याच पक्षाचा कार्यक्रम होता. पुढे नोव्हेंबरमध्ये संविधान सभेची निवडणूक झाली तेव्हा बोल्शेविकांना सुमारे एक चतुर्थांश मते मिळाली आणि समाजवादी क्रांतिकारकांना त्यांच्याहून बरीच अधिक. ती सभा जानेवारी १९१८ मध्ये एकदाच भरली आणि बोल्शेविकांनी ती मोडून काढली. तेव्हा केरेन्स्कीचा विचार देशात अल्पमतात होता असे म्हणता येणार नाही. बहुमताचा कार्यक्रम खिशात असूनही तो वेळेवर बाहेर न काढणे, ही त्याच्या अपयशाची अधिक अचूक व्याख्या होईल. ‘दुबळेपणा’ या शब्दात ती मावत नाही.

आत्मसमर्थनाची बाजू

केरेन्स्की १९१८ मध्ये देशाबाहेर पडला तो कायमचा. ११ जून १९७० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले आणि दफन लंडनमध्ये झाले. मधल्या पाच दशकांत त्याने सातत्याने आत्मसमर्थन केले : कोर्निलोव्ह प्रकरणावरील पुस्तक, ‘द कॅटॅस्ट्रॉफी’ (१९२७), आणि अखेरीस १९६५ मधील विस्तृत आठवणी. त्यांचा मथितार्थ असा की, कोर्निलोव्ह नसता तर लेनिन आला नसता. या विधानात तथ्यांश आहे. परंतु कोर्निलोव्हला सरसेनापती कोणी नेमले, आणि तारयंत्रावर तो अर्धवट प्रश्न कोणी विचारला, यांवर आठवणींतील खुलासे वाचकाचे समाधान करीत नाहीत.

त्याचे खरे मोलाचे काम माझ्या मते वेगळेच आहे. रॉबर्ट ब्राउडर यांच्यासमवेत त्याने संपादित केलेला हंगामी सरकारच्या कागदपत्रांचा त्रिखंडात्मक संग्रह १९६१ मध्ये स्टॅनफर्ड येथून प्रसिद्ध झाला. संपादक म्हणून वकिली बाजूला ठेवणे त्याला कितपत जमले, यावर दुमत होऊ शकते. पण जमिनीसाठी संविधान सभेपर्यंत थांबा असे बजावणारे सरकार आणि संविधान सभेआधीच प्रजासत्ताक जाहीर करणारे सरकार एकच होते, हे कोणत्याही वाचकाने त्याच खंडांची पाने उलटून पडताळून पाहावे.